वितळायला टेकलेल्या भिंतीवर

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. १५०० अंशांना तापून पांढरा उजेड टाकणाऱ्या लोखंडाच्या भिंतीवर चढायचं, तिच्यातच टोकदार हत्यारं रुतवायची आणि त्यांच्या भरवशावर जीव टांगायचा, असं कुणी सुचवलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण निरपेक्ष शून्यापासून तापमान मोजलं, तर उणे ५ अंशांवरचा बर्फ स्वतःच्या वितळणबिंदूच्या तेवढाच जवळ असतो. दोघांनीही वितळण्यापर्यंतचा सुमारे ९८ टक्के पल्ला गाठलेला असतो. आपल्या हाताला गार लागतो म्हणून आपण बर्फाला थंड म्हणतो. पदार्थाच्या हिशेबाने तो कायमच तापलेला, वितळायला टेकलेला असतो.

तरीही दर हिवाळ्यात जगभरातली हौशी माणसं गोठलेल्या धबधब्यांवर आणि हिमनद्यांच्या उभ्या भिंतींवर चढतात. आणि खरं नवल तर पुढेच आहे. बर्फ वितळायला टेकलेला असतो, म्हणूनच त्यावर चढता येतं. ज्या गुणापायी तो दगा देतो, त्याच गुणापायी तो पोलादाला धरूनही ठेवतो. आइस क्लाइंबिंगचा कोर्स म्हणजे हा एक गुण हाताला, पायाला आणि कानाला ओळखायला शिकवण्याचा उद्योग.

हा उद्योग पिढ्यान् पिढ्या करत आलेला एक क्लब अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिएटलमध्ये आहे. नाव 'द माउंटेनिअर्स', स्थापना १९०६ची. १९३५च्या सुमारास वुल्फ बाउअर या जर्मनीत जन्मलेल्या तरुण सभासदाने तिथे पहिला पद्धतशीर गिर्यारोहण कोर्स सुरू केला. तोवर दोराच्या गाठी, बर्फात पाऊल कसं टाकायचं, घसरलो तर स्वतःला कसं थांबवायचं, हे ज्ञान ज्याला ठाऊक त्याच्यापाशीच राहायचं. बाउअर जर्मन पुस्तकं वाचायचा, त्यातलं तंत्र स्वतः करून बघायचा आणि लगेच वर्गाला शिकवायचा. त्याच्या विद्यार्थ्यांत लॉइड अँडरसन नावाचा एक जण होता. त्याला चांगली आइस अ‍ॅक्स हवी होती आणि गावातल्या दुकानात ती फार महाग पडत होती. त्याने थेट ऑस्ट्रियाहून ती साडेतीन डॉलरना मागवली. मग मित्रांनीही मागायला सुरुवात केली आणि १९३८मध्ये अँडरसन दांपत्याने गिर्यारोहकांची एक सहकारी संस्था काढली. आज अमेरिकेत घरोघरी माहीत असलेली 'आरईआय' ही दुकानांची साखळी ती हीच. एका कुऱ्हाडीपायी!

कोर्ससाठी जमत गेलेल्या टिपणांतून आणि अनुभवातून १९६०मध्ये 'माउंटेनिअरिंग: द फ्रीडम ऑफ द हिल्स' हे पुस्तक आलं. जगभरचे गिर्यारोहक ते आजही वापरतात. म्हणजे या विषयाचं पाठ्यपुस्तक याच क्लबाचं आहे. पण बर्फ शिकवायची वेळ आली की पुस्तक घरी ठेवून मंडळी डोंगर गाठतात. शिकवणारे पगारी नसतात. बहुतेक जण काही वर्षांपूर्वी याच कोर्सला विद्यार्थी म्हणून आलेले असतात. आणि बर्फाच्या वर्गात येण्याआधी दोर, गाठी, बिले (म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळणं) आणि हिमनदीवर दोराने बांधून चालणं हे सगळं पक्कं झालेलं लागतं.

या भागातली सरावाची प्रसिद्ध जागा म्हणजे माउंट बेकरवरची कोलमन हिमनदी. बेकर हा ३,२८६ मीटर उंचीचा ज्वालामुखी. १८६८मध्ये एडमंड कोलमन या इंग्रज चित्रकाराच्या तुकडीने तो पहिल्यांदा सर केला, हिमनदीला नाव त्याचंच. इथे बर्फ किती पडावा? बेकरच्या स्की केंद्रावर १९९८-९९च्या एका हंगामात मोजलेला हिमवर्षाव जवळजवळ २९ मीटर भरला होता आणि तो जागतिक विक्रम ठरला. असा भुसभुशीत बर्फ थरावर थर साचत जातो, वरच्या वजनाने खालचा दाबला जातो, कणांमधली हवा पिळून निघते. घनमीटरला साधारण ८३० किलोच्या आसपास दाटी झाली की उरलेल्या हवेचे मार्ग बंद होतात आणि ती बुडबुडे होऊन आतच अडकते. इथून पुढे तो भुसभुशीत बर्फ राहत नाही, हिमनदीचा घट्ट बर्फ होतो. उन्हाळ्याअखेरीस खालच्या भागातला नवा थर वितळून गेला की हा जुना, निळसर बर्फ उघडा पडतो. उतार जिथे तीव्र होतो तिथे तो तुटून मोठमोठे कडे उभे राहतात. गिर्यारोहक त्यांना सेरॅक म्हणतात. वरून दोर सोडून शिकाऊ मंडळी चढतात ती यातल्याच भक्कम दिसणाऱ्या भिंतींवर.

पहिला धडा पदार्थाच्या स्वभावाचा. बर्फावर हळूहळू, सतत भार टाकला तर तो वाहतो. अख्खी हिमनदी डोंगरउतारावरून सरकत येते ती यामुळेच. पण अचानक घाव घातला तर तो फुटतो. गुळाची ढेप ज्याने फोडली आहे त्याला हे दोन्ही माहीत असतं. बत्ता बसला की खडे उडतात आणि तीच ढेप उन्हाळ्यात डब्यात राहिली की बसून पसरते. बर्फात ही दोन्ही रूपं काही अंशांच्या फरकाने पालटतात. उणे २० अंशांना तो इतका ठिसूळ असतो की घाव बसताच चकत्या उडतात. शून्याच्या जवळ तो मऊ होतो आणि एका घावात टोक आत शिरून बसतं. पण त्याच्याही पलीकडे गेलं की अख्खा खांबच कोसळू शकतो. चढणाऱ्याला हवी असते ती मधली अरुंद पट्टी.

आता हातातलं हत्यार. आइस अ‍ॅक्सचं टोक, म्हणजे पिक, पूर्वी जवळजवळ सरळ असायचं. उतारावर पायऱ्या खोदायला ते छान होतं, पण उभ्या भिंतीत रुतवून खाली ओढलं की सटकायचं. १९६६मध्ये इव्हॉन शूइनार हा अमेरिकी गिर्यारोहक आणि लोहार फ्रान्सच्या शामोनी भागात होता. हात फिरवताना अ‍ॅक्सचं टोक हवेत वर्तुळाचा तुकडा काढतं, मग पिकलाही तसाच बाक का नसावा, असा त्याचा प्रश्न होता. शार्ले कारखान्याकडून त्याने ५५ सेंटीमीटरची, वाकड्या पिकची अ‍ॅक्स बनवून घेतली. स्कॉटलंडमध्ये हॅमिश मॅकइन्सने तीव्र कोनात खाली झुकलेल्या पिकचं वेगळंच हत्यार काढलं. आजच्या आइस टूलला या दोन्ही घराण्यांचा वारसा आहे. बाक घावाच्या वाटेशी जुळला की टोक आत जाताना आजूबाजूचा बर्फ कमी फोडतं, आणि वजन खाली आलं की पिकच्या खालच्या कडेचे दात आतल्या बर्फात अडकतात.

घाव घालणं म्हणजे ताकद लावणं नव्हे, हे विद्यार्थ्यांना सगळ्यात उशिरा पटतं. खांदा वर, कोपर लक्ष्याकडे रोखलेलं, आणि शेवटच्या क्षणी मनगटाचा एक झटका. टूलचं डोकंच बाकीचं काम करतं. कुठे मारायचं हेही ठरलेलं असतं. फुगवट्यावर मारू नका, खळग्यात मारा. फुगवट्यावर बर्फ अनेक बाजूंनी उघडा असतो, त्यामुळे तडा चटकन पृष्ठभाग गाठतो आणि भलीमोठी चकती निघून थेट तोंडावर येते. खळग्यात सगळीकडून बर्फाचाच आधार असतो. आणि मग ऐकायचं. टोक नीट बसलं की खोल, भरीव 'ठक्' ऐकू येतो आणि दांड्यातून हाताला एक छोटा, बोथट धक्का बसतो. मागे पोकळी असेल तर आवाज पसरट, ढोलासारखा येतो. शिकवणारे खाली उभे राहून, वर न बघताही, कुणाचं टूल बसलं आणि कुणाचं नाही हे सांगू शकतात.

पायांची गोष्टही तशीच. बुटाला बांधायच्या खिळ्यांच्या पट्ट्यांना, म्हणजे क्रॅम्पॉनना, १९०८च्या सुमारास ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज अभियंत्याने आधुनिक रूप दिलं आणि इटलीतल्या ग्रिव्हेल लोहारांनी ते घडवलं. त्यात दहा दात होते, सगळे खाली तोंड केलेले. १९२९मध्ये लोरां ग्रिव्हेलने पुढे रोखलेले दोन दात वाढवले. त्याने काय झालं ते १९३८मध्ये आल्प्समधल्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर दिसलं. तिथे चढणाऱ्या फ्रिट्झ कास्पारेककडे दहा दातांचे क्रॅम्पॉन होते, हाइनरिख हारर तर ते न घेताच आला होता. ते दोघे बर्फात पायऱ्या खोदत, घाम गाळत चालले होते. आंडेर्ल हेकमायर आणि लुडविग फ्योर्ग मागाहून निघाले, पण बारा दातांच्या जोरावर त्यांनी या दोघांना गाठलं. पुढे चौघांनी मिळून ती भिंत पहिल्यांदा सर केली.

कोर्समध्ये पायांबाबत एकच ओरड सतत ऐकू येते: टाचा खाली! माणूस घाबरला की चवड्यावर उभा राहतो, टाच आपोआप उचलली जाते. टाच उचलली की पुढचे दोन दात उचकटले जातात आणि पाय निसटतो. टाच खाली ठेवली की मागचे दातही बर्फाला टेकतात. पोटऱ्या पेटतात, पण पाय जागेवर राहतो. दोन्ही पाय फाकवून, एक टूल मधोमध वर, असा त्रिकोण करून उभं राहिलं की वजन हातांवरून पायांवर उतरतं. नवशिका हातांनी स्वतःला वर ओढतो आणि काही मिनिटांत त्याची पकड सुटायला लागते. सरावलेला माणूस पायांवर उभा राहतो आणि हातांनी फक्त तोल सांभाळतो. हात सतत डोक्याच्या वर असल्याने त्यांतलं रक्त ओसरतं, बोटं बधिर होतात. खाली आल्यावर रक्त परत शिरतं तेव्हा जी कळ येते, तिने भलेभले डोळ्यांत पाणी आणून, मळमळत, गुडघ्यांत डोकं घालून बसतात. अनुभवी लोक शेजारी बसून फक्त "जाईल, जाईल" म्हणतात. जातेही.

मग येतो आइस स्क्रू, आणि इथे बर्फाशी पोलादाचं नातं सगळ्यात स्पष्ट दिसतं. भरीव खिळा ठोकला तर तेवढा बर्फ बाजूला सारावा लागेल, तडे जातील. म्हणून स्क्रू ही पोकळ नळी असते. पुढे दात, बाहेरून आटे, लांबी साधारण १० ते २२ सेंटीमीटर. विद्यार्थी आधी वरचा कुजका, भुगाभुगा थर टूलने खरवडून काढतो. दात टेकवून, तळहाताने दाबत, स्क्रू फिरवायला लागतो. सुरुवातीला तो घसरतो, मग दात पकडतात आणि नळीच्या मागच्या तोंडातून बर्फाची सळई बाहेर यायला लागते. तिच्याकडे बघत राहायचं. सळई घट्ट, अखंड, पारदर्शक येत असेल तर बर्फ चांगला. मधेच नुसता चुरा किंवा पाणी आलं, किंवा फिरवणं एकदम हलकं झालं, तर आत पोकळी आहे, जागा बदला.

असा स्क्रू चांगल्या बर्फात किमान १० किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतका झटका सोसेल अशी मानकाची अपेक्षा असते. तो कोणत्या कोनात बसवायचा याबाबत अनेक वर्षं तंबूच्या खुंटीचं शास्त्र चालत असे: डोकं वर, टोक खाली, म्हणजे ओढ आली तरी उपटणार नाही. १९९०च्या दशकातल्या चाचण्यांनी हे उलटवलं. चांगल्या, घट्ट बर्फात डोकं किंचित खाली आणि टोक किंचित वर असा स्क्रू जास्त भार घेतो. कारण खुंटीसारखा बसवलेला स्क्रू ओढ आली की नळीखालचा पृष्ठभागाचा बर्फ चुरडतो, तरफेसारखा वाकतो आणि सुटतो. डोकं खाली असेल तर भार आट्यांच्या रेषेत येतो आणि आटे बर्फाचा मोठा भाग कामाला लावतात. वरकरणी वेडेपणा वाटेल अशी ही गोष्ट आज प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात. पण उन्हात पोलाद तापतं, भोवतीचा बर्फ वितळतो आणि आट्यांची पकडच जाते. म्हणून कुठला नियम कुठल्या बर्फाला, हे हातानेच शिकावं लागतं.

बर्फाच्या दुसऱ्या एका गुणाची नोंद मायकेल फॅरडेने १८५०मध्ये केली होती. वितळत असलेले बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते गोठून जोडले जातात. बर्फाच्या पृष्ठभागावर नेहमीच पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो, असा त्याने निष्कर्ष काढला. दोन पृष्ठभाग भेटले की तो थर आत कोंडला जातो आणि बर्फ होतो. पुढे विज्ञानाने या थराचं अस्तित्व मान्य केलं. भिंतीत राहू दिलेला स्क्रू काही वेळाने घट्ट गोठून बसतो, तोही बर्फाच्या याच पुन्हा जुळण्याच्या सवयीमुळे.

कोर्समधला सगळ्यात देखणा धडा उतरण्याचा आहे, आणि तो एका रशियन अभियंत्याचा आहे. व्हिताली अबालाकोव्ह १९३६मध्ये मध्य आशियातल्या खान तेंग्री शिखरावर हिमदंशात हाताची बोटं आणि पायाचा भाग गमावून बसला. तरी तो गिर्यारोहणात परतला आणि डोंगरासाठी साधनं शोधत राहिला. त्याचं नाव लावलेल्या पद्धतीत लांब स्क्रूने बर्फात एक तिरकं भोक पाडतात. एका स्क्रूच्या लांबीइतकं अंतर सोडून दुसरं, पहिल्याकडे झुकलेलं. दोन्ही भोकं आत खोलवर मिळाली पाहिजेत. विद्यार्थी पहिल्या भोकात स्क्रू अर्धवट ठेवतो आणि त्याच्या दिशेने नजर लावून दुसरा फिरवतो. मग एका भोकातून दोरीचं टोक सरकवायचं आणि दुसऱ्यातून तारेच्या आकड्याने ओढून घ्यायचं. दोरीची गाठ मारली की झाला आधार. त्यावर मुख्य दोर घालून रॅपलिंग करत खाली यायचं. मागे राहते हातभर दोरी, धातू काहीच नाही. बर्फ नीट असेल तर ही दोन भोकांमधली बर्फाची पाचर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट भार सोसते.

हिमनदीवर हे सगळं जमलं की विद्यार्थी गोठलेल्या धबधब्यांकडे वळतात. हा बर्फ वेगळा. तो दाबाने झालेला नसतो, थेंबाथेंबाने वाढलेला असतो: आधी लोंबणारे सुळे, मग पडदे, मग जमिनीला टेकलेले खांब. आत कधी कधी पाणी वाहतच असतं. एका रात्रीत पारा झपाट्याने उतरला तर बर्फ आकसतो आणि ताणात असलेला खांब नुसत्या टूलच्या घावाने तुटू शकतो. म्हणून चढाईच्या दिवसाचंच नव्हे, आधीच्या कित्येक रात्रींचं तापमान बघायला शिकवतात. १९७४मध्ये जेफ लो आणि माइक वाइस या अमेरिकी गिर्यारोहकांनी कोलोरॅडोतल्या टेलुराइडजवळचा, शंभर मीटरहून उंच ब्रायडलव्हेल धबधबा चढून दाखवला आणि अशा भिंती शक्यतेच्या कक्षेत आल्या. त्याच राज्यातल्या उरे गावात तर घळीच्या काठावरच्या जलवाहिनीतून गळणाऱ्या पाण्याचे बर्फाचे कडे होत. १९९०च्या दशकात गावाने नळ आणि तोट्या लावून ते मुद्दाम तयार करायला सुरुवात केली. आज तिथे शंभराहून जास्त वाटा आहेत.

एक नियम मात्र हिमनदीपासून धबधब्यापर्यंत बदलत नाही. आघाडीवर चढणाऱ्याने पडायचं नाही. कातळावर बोल्ट मारलेल्या वाटांवर पडणं हा सरावाचा भाग असतो. बर्फावर पडताना पायातले दात भिंतीत अडकतात आणि घोटा मोडतो, शिवाय दोन धारदार हत्यारं सोबत असतातच. म्हणून वरून दोर लावून केलेल्या भरपूर सरावाशिवाय आघाडी घेऊ देत नाहीत, आणि "आज बर्फ बरोबर नाही, परत फिरू" असं म्हणणाऱ्याला कुणी भित्रा ठरवत नाही.

सिएटल-रेडमंड भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींत सह्याद्री पायाखाली घातलेले बरेच असतात. त्यांना अशा क्लबाची रीत परकी वाटणार नाही. पुण्या-मुंबईतल्या गिर्यारोहण संस्थाही स्वयंसेवकांच्या जोरावरच प्रस्तरारोहणाचे कोर्स चालवत आल्या आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्यातून रॅपलिंग करत खाली उतरतात. हिमाचलातल्या स्पितीत आता गोठलेल्या धबधब्यांवर वर चढणारेही आहेत. रीतसर शिकायचं तर दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५पासून आहे. तिथल्या बेसिक कोर्समध्ये हिमनदीवरचा सराव असतोच. सह्याद्रीतल्या कातळावर शिकलेल्या गाठी, बिले, दोराची शिस्त तिथे जशीच्या तशी उपयोगी पडते. एक सवय मात्र मोडावी लागते. कातळावरची पकड आधीपासून असते, ती शोधायची. बर्फावर ती आपणच घडवायची, आणि सकाळी घडवलेली पकड दुपारी पुन्हा तपासायची.